सॅम्पल साइज : एक

काल माझ्या प्रबंधाच्या सिनॉप्सिसवर लाल शाईत शेरा पडला : 'नमुना अपुरा'. नमुना म्हणजे 'कोसला'. 1963 सालची अख्खी कादंबरी, जिच्या लेखकाला, भालचंद्र नेमाड्यांना, पुढे ज्ञानपीठ मिळालं ती. अपुरी.

प्रकरण थोडक्यात असं. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांची झाली. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के पडले की चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं आणि त्यात 12 क्रेडिटचा प्रबंध असतो. मला टक्के पडले. घरी पेढे वाटून झाले. आता निस्तरा.

विषय माझ्या मनात आधीपासून होता. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो, होस्टेलचा प्रिफेक्ट होतो, वादविवाद मंडळाचा सेक्रेटरी होतो, नाटक बसवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परत जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मधे त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तोवर दिसेल त्याची टवाळी करणारा हा मुलगा तिथे टवाळी विसरतो आणि वाक्यांचा तोल सुटतो. तो कसा सुटतो, एवढंच मला बघायचं होतं. मी भुसावळची. सांगवी आमच्यापासून काही लांब नाही. आईला विषय सांगितला तर ती म्हणाली, "अगं, त्या बाजूला मावशीची जाऊ दिलीय. तिला फोन लावू का?" संशोधनात मला देऊ केलेली ही आजवरची एकमेव मदत.

शीर्षकावरूनच आधी रामायण झालं. मॅडम म्हणाल्या, "आधुनिकतावादी घाल, त्याशिवाय सैद्धांतिक चौकट दिसत नाही." घातलं. जिन्यात दुसरे सर भेटले. "नेमाडे आणि आधुनिकतावादी? देशीवाद मांडणारा माणूस तो! बोलव त्यांना व्हायव्हाला, मग बघू." आता देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतल्या परंपरेतून उगवावं हा विचार, त्यांनी नंतर मांडला, 'कोसला' लिहिली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, हे मी म्हणणार होते, पण सर तोवर दोन पायऱ्या खाली गेले होते. मॅडमनी तिरकी रेघ मारून 'आधुनिकतावादी/देशीवादी' केलं. मराठी विभागातले निम्मे वाद त्या एका रेघेवर मिटतात.

मग संशोधन समिती. साहित्यवाले दोन्ही सदस्य पेपर तपासायला गेलेले. उरले वाणिज्य शाखेचे संख्याशास्त्राचे सर. तेच अध्यक्ष. फॉर्म सगळ्या शाखांना एकच. त्यात 'नमुना आकार', 'माहिती संकलनाची साधने', 'प्रतिसादकांची संमती', 'समाजास होणारा लाभ' आणि शेवटी 'पेटंट (असल्यास)'.

सरांनी शीर्षक वाचलं. "'कोसलामधील मनीचा मृत्यू'. म्हणजे नोटबंदीवर आहे का?"

"नाही सर. मनी मुलीचं नाव आहे."

"असं होय." सर हिरमुसले. "विषय चांगला होता तो. बरं, सॅम्पल साइज?"

"एक, सर."

"एक हजार?"

"एक कादंबरी."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. शेजारी मॅडम एकाएकी मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी वाचू लागल्या.

"बाळ, एकावरून निष्कर्ष निघतो का कधी? निदान तीस घे. तीसच्या खाली गेलं की मग टी-टेस्ट, ती कटकट."

"सर, तीस कादंबऱ्या..."

"बारीक बारीक घे."

यावर काय बोलणार! सर मात्र रंगात आले होते. माणूस दुष्ट नव्हता, हेच तर दुखणं आहे. दुष्ट असता तर रागावता तरी आलं असतं. "हायपोथिसिस कुठंय? मोकळं सोडलंयस. लिही, मी सांगतो. 'पांडुरंग सांगवीकर आणि नैराश्य यांच्यात लक्षणीय संबंध नाही.' ही झाली शून्य परिकल्पना. आता तू डेटा आणायचा आणि ही फेटाळायची."

मी लिहून घेतलं. खरं सांगायचं तर 'कोसला'वरच्या काही जाडजूड समीक्षेपेक्षा हे वाक्य मला जास्त कळलं.

"हे पांडुरंग आत्ता कुठे असतात?"

"ते पात्र आहे, सर. काल्पनिक."

"मग संमतीपत्रावर सही कोण करणार?"

"कुणीच नाही."

"तसं चालत नाही. 'लागू नाही' लिही. रकाना रिकामा ठेवायचा नाही." मग जरा पुढे झुकून, आवाज उतरवून : "पास होतो का शेवटी?"

"नाही."

"बघ! यातून मुलांनी काय घ्यायचं? बापाचे पैसे किती गेले असतील, त्याचं वर्षवार टेबल करता येईल बघ तुला. आणि ती मुलगी कशानं गेली म्हणालीस?"

"देवी आल्या होत्या."

"आता कुठे आहेत देवी?"

दुर्दैवाने हे मला ठाऊक होतं, तळटीपेसाठी काढून ठेवलं होतं. "देशातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला, सर. 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला."

सरांनी समाधानाने खुर्चीला पाठ टेकली. "मग प्रश्न सुटला की! सुटलेल्या प्रश्नावर संशोधन म्हणजे निधीचा अपव्यय."

"निधी मिळत नाही, सर."

"तरीसुद्धा."

माझ्या आधी प्राणिशास्त्राची मुलगी होती. तिच्याकडे डास होते, भरपूर. ती आत गेली आणि हसत बाहेर आली. डासांना कुणी देशी की आधुनिक असं विचारलं नाही. मला डासांशी वैर नाही. पण इतक्या चौकशीत 'पुस्तक कसं आहे?' असं एकाने तरी विचारावं की नाही? पोरगी चार वर्षं मराठी वाचतेय, एका लहान मुलीच्या मरणाची पानं तिला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात, तर का वाटतात, याला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. पेटंटला आहे. नेमाड्यांनी अख्खी 'कोसला' दोन-तीन आठवड्यांत लिहून काढली म्हणतात. बरं झालं, आधी सिनॉप्सिस मागितली नाही कुणी. समितीने मनीला 'लागू नाही'मध्ये टाकलं असतं आणि पांडुरंगाला टी-टेस्ट लावली असती.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. निघताना सर म्हणाले, "नमुना जोडलेला नाहीस." मी विचारलं, कसला? तर म्हणाले, ज्यावर संशोधन करणार तो. प्राणिशास्त्राच्या मुलीने बाटली जोडली होती. माझ्या हातात लायब्ररीची 'कोसला' होती. आधीच्या कुणा वाचकाने सुरुवातीची पानं पेन्सिलने अधोरेखित केलेली, पट्टी लावून, आणि मग एका पानावर रेघ ओळीच्या मध्येच थांबलेली. पुढे सगळं कोरं. शिपाईकाकांनी ती माझ्या हातातून घेतली, मुखपृष्ठावर 'आवक' असा जांभळा शिक्का उठवला, खाली क्रमांक घातला आणि फाइलला टॅगने बांधून टाकली. टॅग ओवायला वरच्या कोपऱ्यात पंच मारला. सगळ्या पानांतून गेला नाही म्हणून परत मारला.

आता पुस्तक ऑफिसात आहे. लायब्ररीतल्या ताई म्हणतात, कार्ड तुझ्या नावावर, दंड तुझ्या नावावर, भोकाचं नंतर बघू. ऑफिस म्हणतं, आवक झालेली वस्तू तोंडी परत देता येत नाही, अर्ज करा. अर्जावर अध्यक्षांची सही लागते आणि अध्यक्ष आता स्वतः पेपर तपासायला गेलेत. मॅडम म्हणतात, तोवर उरलेल्या एकोणतीसची यादी करून ठेव.

अर्जाचा नमुना आणलाय. त्यात 'वस्तूचे वर्णन' आणि 'अंदाजे मूल्य' असे दोन रकाने आहेत. मूल्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं : छापील किंमत लिही, जास्त डोकं लावू नकोस.