‘अपाय काहीच नाही’ असे सांगणाऱ्यांना

आज सकाळी नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर ‘मोफत साखर तपासणी’चा फलक लावून एक तरुण वनस्पतींची भुकटी विकत होता. ‘जेवणाआधी एक चमचा घ्या आणि गोड खुशाल खा, नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही,’ असे तो एका वृद्ध गृहस्थांना सांगत होता आणि त्यांनी दोन डबे घेतलेही. माझा संताप अजून शमलेला नाही, कारण याच आश्वासनावर विसंबलेली माझी आत्या गेल्या पितृपक्षात रामकुंडावर कोसळली होती.

त्या सकाळी तिने ग्लिमेपिराइड या मधुमेहावरील औषधाची नेहमीची गोळी आणि गुडमार या वनस्पतीची व जांभूळबियांची भुकटी, दोन्ही घेतले होते. विधी लांबले, दुपार उलटली तरी पोटात अन्न नव्हते. तिला दरदरून घाम सुटला, ती असंबद्ध बोलू लागली. रुग्णालयात रक्तातील साखर ४८ भरली, म्हणजे धोकादायक इतकी कमी. नुसत्या गोळीनेही असे होऊ शकले असते, हे मान्य. पण भुकटीविषयी डॉक्टरांना ठाऊकच नव्हते, हे मला अक्षम्य वाटते.

वनस्पतींत गुण नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. मेथीदाण्यांतील आणि इसबगोलातील तंतू पाण्यात फुगून चिकट होतात व अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. तुतीच्या पानांतील एक घटक लहान आतड्यातील विकरांना अडवतो, त्यामुळे भातापोळीचे ग्लुकोज होणे मंदावते. अकार्बोज हे औषधही हेच करते. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचे मूळसुद्धा गॅलेगा या युरोपीय वनस्पतीपर्यंत जाते. मग ज्यात साखर उतरवण्याचे सामर्थ्य आहे, ते गोळीच्या जोडीला घेतल्यावर निरुपद्रवी कसे राहील? शिवाय मधुमेहाच्या अशा ‘वनौषधीं’मध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी औषधे गुपचूप मिसळल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत उघड झाले आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे; तरीही डब्यावर सावध शब्द छापायचे आणि तोंडाने हवे ते बोलायचे, हा निर्लज्जपणा राजरोस चालतो.

आत्यावर मात्र रागावता येत नाही. सणावाराला सगळ्यांना पुरणपोळी वाढून स्वतः कोरडी पोळी खाणाऱ्या बाईला ‘खुशाल खा’ हे शब्द किती गोड वाटले असतील! डॉक्टर रागावतील म्हणून तिने डबा लपवला होता, आणि हा दोष डॉक्टरांकडेही जातो. रुग्णाला न झिडकारता ‘आणखी काय घेता?’ एवढे त्यांनी विचारायलाच हवे.

तुमच्या घरी कोणी अशी भुकटी घेत असेल, तर पुढच्या तपासणीला तो डबाच सोबत न्या. जेवणानंतर दोन तासांची साखर भुकटी घेऊन आणि न घेता मोजायची असेल, तर तेही डॉक्टरांना विचारूनच करा. तोवर चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि गोळी घेतल्यावर जेवण लांबवू नका, मग घरात श्राद्ध असो वा लग्न.