‘उंदराचं विष बंद करा’ या मेसेजबद्दल
लातुरात आमच्या मेडिकलवर या आठवड्यात तिघांनी मोबाइल पुढं करून एकच मेसेज दाखवला : ‘लकवा झालेल्यांनो, वॉरफरीन म्हणजे उंदराचं विष. आता नवी गोळी आलीय. रक्त तपासणं नको, पथ्य नको. आजच बदलून घ्या.’

वॉरफरीन म्हणजे रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून द्यायची गोळी. उंदराचं विष? खरंय. अमेरिकेत १९४८ पासून ते त्यासाठीच विकलं गेलं, १९५४ ला माणसांसाठी मंजूर झालं. सगळा खेळ मात्रेचा.

‘नवी गोळी सगळ्यांना चांगली’ हे मात्र घातक आहे. हृदयाचे ठोके अनियमित होऊन रक्ताची गाठ मेंदूत गेली असेल, तर बहुतेकांना रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन या नव्या गोळ्या चांगल्याच. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही कमी. पण ऐन तरुणपणी लकवा, आधी दोन-तीन गर्भपात, अशी हकीकत असली की डॉक्टरांना अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमची शंका येते. यात शरीरातली प्रतिपिंडंच रक्ताच्या गाठी करतात. त्याच्या तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्या १२० जणांवर इटलीत अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. रिव्हारोक्सॅबॅन घेणाऱ्या ५९ पैकी चौघांना लकवा, तिघांना हार्ट अटॅक. वॉरफरीनच्या ६१ पैकी एकालाही नाही. अभ्यास मधेच थांबवावा लागला. अपिक्सॅबॅनचंही तेच : २३ पैकी ६ जणांना लकवा, वॉरफरीनच्या २५ पैकी कुणालाच नाही. आकडे लहान आहेत, पण झुकतात एकाच बाजूला. २०१९ ला युरोपच्या औषध नियामकानंही अशा रुग्णांना या नव्या गोळ्या नकोत असं सांगितलं.

रक्त तपासणीचा जाच मान्य. रेणापूर-औशाहून एसटीनं यायचं, दिवसाची मजुरी बुडते. पण वॉरफरीन पुरेशी लागू पडतेय की नाही, हे त्या तपासणीतल्या आयएनआरवरूनच कळतं, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या आकड्यावरून. साधारण २ ते ३ मध्ये हवा.

पथ्याचं म्हणाल, तर येळवशीची (वेळ अमावस्येची) पालेभाज्यांची भज्जी कुणी बंद केलेली नाही. महिनाभर पालेभाजीला शिवायचं नाही आणि मग रोज मेथी-पालकावर ताव मारायचा, यानं आयएनआर घसरतो. रोज सारखीच खा.

दिवस राहिलेत किंवा राहायचेत, तर वॉरफरीनऐवजी हेपॅरिनचं इंजेक्शन लागतं. ते डॉक्टरांना आधीच सांगायचं. त्यावर मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

तिघांपैकी एकीला तो मेसेज तिच्या काकांनी पाठवला होता. काकांची चिठ्ठी माझ्याकडंच येते : ठोके अनियमित, अपिक्सॅबॅन चालू. त्यांच्यापुरतं ते बरोबरच बोलत होते. पुतणीच्या फाईलमध्ये ‘ल्युपस अँटिकोआग्युलंट पॉझिटिव्ह’ (अँटिफॉस्फोलिपिडच्या त्या तिन्हींतली एक तपासणी) असं होतं, बारा आठवड्यांनी परत केलेल्या तपासणीतसुद्धा.