पाहुणे आले, उन्हात पाठवा

शाळांना सुट्ट्या लागल्या की पुण्या-ठाण्याचे फोन सुरू होतात. "यंदा चार दिवस तुमच्याकडेच येतो म्हटलं, पोरांना गाव तरी दिसेल." जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर टेकलेला असताना माणूस आपल्या पायांनी येतो म्हणतो, तेव्हा त्याला नाही म्हणायची खानदेशात रीत नाही. या म्हणायचं. फक्त आल्यावर असं फिरवायचं की आपला खिसा हलू नये आणि पुढच्या मे महिन्यात त्यांनी कोकणाची वाट धरावी. ठिकाणं आपल्याकडे भरपूर, बहुतेक फुकट. सगळा खेळ वेळेचा आहे. ती नीट चुकवता आली पाहिजे.

पहिला मान अजिंठ्याचा. जिल्हा शेजारचा असेल, पण जळगावहून साठेक किलोमीटरवर आहे, म्हणजे आपलंच. तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या पोरांना तेही नाही. तरी ४० रुपये कशाला घालवायचे? सोमवारी पाठवा. सोमवारी लेणी बंद असतात, खर्च शून्य. दुसरा एखादा वार निघालाच, तर घरून जेवून, सावकाश, साडेबाराला निघू द्या. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून चार किलोमीटर एसटीने आत जायचं, मग पायऱ्या, मग काळ्या दगडाचा तो नालेसारखा वळलेला कडा. सकाळभर तापलेला असतो, दुपारी तो उष्णता परत करायला घेतो. चित्रं असलेल्या लेण्यांबाहेर चपला काढाव्या लागतात, तेव्हा जाड मोजे जवळ ठेवायला चुकूनही सांगू नका. आणि आत गेल्या गेल्या "चला, पुढचं बघू" असा धोशा लावणारं एखादं पोरगं सोबत द्या. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढा वेळ पाहुणा पहिल्या लेण्यात गप्प उभा राहिला, तर भिंतीतून पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र हळूहळू वर येतं आणि मग आपलं काही खरं नाही. तसा माणूस दर वर्षी येतो.

दुसरं ठिकाण उनपदेव, चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं, लाकूड नाही, गॅस नाही, वीजबिल नाही. थंडीतल्या पहाटे त्या पाण्याखाली बसावं ते सुख वेगळंच, म्हणून तर पाहुण्याला मे महिन्याच्या दुपारी बसवायचं. "अंगदुखी जाते" एवढं म्हटलं की मोठी माणसं स्वतःच टॉवेल काढतात.

धबधब्याचा हट्ट धरणाऱ्यांसाठी चाळीसगावजवळची पाटणादेवी. चंडिकादेवीचं दर्शन घ्यायला लावा आणि केदारकुंडाकडे बोट दाखवा. श्रावणात तिथं पाणी कोसळतं. मे महिन्यात नुसता कातळ असतो, पण कल्पनाशक्तीला वाव मिळतो. याच पाटणला शके ११२८, म्हणजे इ.स. १२०७ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. हे सांगू नका, पोरं ऐकत बसतील. नातवाचं नाव चांगदेव. इकडे मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर देऊळ आहे ते योगी चांगदेवांचं, ज्यांना मुक्ताबाई गुरू म्हणून भेटल्या. दोन्ही चांगदेव एकच, असं बिनदिक्कत ठोकून द्या, म्हणजे पाहुण्यांच्या हातून एक लांबलचक फेरी जास्तीची होते. वाटेवर हतनूर धरणही उरकून घ्या. ४१ दरवाजे आहेत आणि सगळे बंद. पक्षी बघायचे असतील तर ते हिवाळ्यात येतात, हे परतीच्या वाटेवर सांगावं.

रावेर-यावलकडे कुणी ओळखीचं असेल तर केळीची बाग दाखवा. ही खरी जागा. बाहेर लू चालू असते आणि आत पाटाच्या नाहीतर ठिबकच्या ओलीने वेगळाच गारवा. म्हणून तिथं फार वेळ रेंगाळू देऊ नका, आणि निघतानाच पांढरे कपडे घालायला सांगा, उन्हात पांढरं बरं असं कारण देऊन. पान मोडलं, घड हाताळला की चीक लागतो. आधी तो पाण्यासारखा दिसतो म्हणून कुणी पुसतही नाही. वाळला की तपकिरी, मग काळा. त्यावर साबण चालत नाही, लिंबू चालत नाही, ड्रायक्लीनवाला हात जोडतो. खानदेशची आठवण कायमची अंगावर.

तोरणमाळचं नाव मात्र तोंडातून काढायचं नाही. शहाद्यावरून घाट चढून हजार मीटरच्या वर गेलं की रात्री पांघरूण लागतं, यशवंत तलाव आहे, सीताखाई आहे. एकदा तिथं नेलेला पाहुणा आवरता येत नाही. कुणी विचारलंच तर "रस्ता खराब आहे भो" म्हणावं आणि विषय कैरीवर न्यावा.

घरची व्यवस्था. कूलर लावा आणि खोलीच्या सगळ्या खिडक्या घट्ट बंद करा. एसीची सवय असलेली माणसं हे स्वतःच करतात, थांबवू नका. कूलरला हवा बाहेर जायला एक खिडकी उघडी लागते, नाहीतर तासाभरात खोलीत दमट भपका भरतो आणि चादर अंगाला चिकटते. रात्री गच्चीवर झोपायची हौस पुरवा. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेलाच असतो. जाणकार सूर्य मावळल्यावर दोन-तीनदा पाणी मारतात. आपण एकदाच, अंथरूण टाकायच्या पाच मिनिटं आधी मारायचं. वाफ बरोबर पाठीखाली येते.

एक धोका आहे, तो म्हणजे आखाजी. अक्षय तृतीयेच्या सुमारास आलेल्या पाहुण्याला खापरावरचे मांडे दिले की इतका वेळ केलेली सगळी मेहनत पाण्यात. वस्त्रगाळ कणीक भिजवून, आपटून-तिंबून तार सुटेपर्यंत मळलेली. पुरण भरलेला गोळा हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि उलट्या खापरावर अलगद टाकायचा. तिंबण कमी पडली तर तो कोपराशीच फाटतो आणि पुरण चुलीत जातं. तेव्हा त्या दिवशी कणीक मळायला पाहुणीलाच बसवावं. फाटका मांडा खाऊन कुणी मुक्काम वाढवत नाही. आमरस मात्र लपवता येत नाही, वास येतो.

हे सगळं साध्या पाहुण्यांसाठी. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना, आणि येणारा माणूस जावई. त्याला सोमवारच्या अजिंठ्यावर पाठवता येत नाही. त्याला ३३ अनारसे लागतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं आणि ४५ अंशांत एक दिवस जरी चुकला तरी आंबूस वास धरतो. तांदूळ आताच आणून ठेवा, आणि जावयाच्या वाणासाठी चांदीचा भाव जळगावच्या सराफ बाजारात एकदा विचारून या.