‘नेहरूंची बहीण’ एवढंच? विजयालक्ष्मी पंडित यांच्याबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो: विजयालक्ष्मी पंडित यांना राजकारणाचा अनुभव नव्हता, भावाने त्यांना थेट राजदूत केलं, परदेशात त्यांनी काहीच केलं नाही आणि घराण्याविरुद्ध कधी तोंड उघडलं नाही.

अनुभव नव्हता? सुरुवातच अलाहाबादच्या नगरपालिकेत झाली. तिथल्या शिक्षण समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. १९३७ साली संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशच्या) विधानसभेवर निवडून आल्या आणि गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य व आरोग्य ही खाती त्यांनी सांभाळली. स्वातंत्र्यलढ्यात तीनदा तुरुंगात गेल्या.

‘भावाने जगापुढे आणलं’ हा दावा मला सगळ्यात खटकतो, कारण तो तारखांशीच जुळत नाही. जानेवारी १९४४ मध्ये तुरुंगवासाने खंगलेले पती रणजित पंडित वारले. पदरी तीन मुली, मुलगा नाही, म्हणून तेव्हाच्या हिंदू कायद्याने विधवेला इस्टेटीत वाटा मिळाला नाही. त्याच वर्षअखेरीस त्या अमेरिकेला गेल्या. भाऊ त्या वेळी कुठे होता? आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत. १९४५ च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद ठरत होती, तेव्हा तिथे भारताच्या नावाने बसलेले प्रतिनिधी ब्रिटिश सरकारने नेमलेले आहेत, लोकांचे नाहीत, हे त्यांनी पत्रकारांना ठणकावून सांगितलं. हातात ना पद, ना सरकार. नेहरू सुटले १५ जूनला.

१९४६ मध्ये मात्र त्यांना संयुक्त राष्ट्रांत पाठवणारं हंगामी सरकार नेहरूंचंच होतं, आणि नात्याचा फायदा झाला हे मी नाकारत नाही. पण इतर देशांची मतं भावाच्या हातात नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीवरचा ठराव, समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. दोन तृतीयांश मतं हवी होती. ८ डिसेंबरला निकाल लागला: ३२ विरुद्ध १५, सात तटस्थ. एक मत जरी इकडचं तिकडे गेलं असतं तरी ठराव पडला असता! वसाहतीच्या जोखडातून अजून पुरता न सुटलेल्या देशाने मिळवलेला हा विजय ‘काहीच नाही’ म्हणून कसा सोडून द्यायचा?

मॉस्कोत राजदूत म्हणून त्या कमी पडल्या, हे खरं. १९४७ ते ४९ या काळात स्टालिनने त्यांना एकदाही भेट दिली नाही. ती त्यांच्यानंतरचे राजदूत राधाकृष्णन यांना मिळाली. त्यानंतर वॉशिंग्टन, १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद (पहिल्याच महिला), मग लंडन. १९६२ ते ६४ या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या.

राहिला घराण्याचा मुद्दा. १९७७ च्या निवडणुकीत वयाच्या शहात्तराव्या वर्षी देहरादूनची निवृत्ती सोडून त्या काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या जगजीवनराम यांच्या पक्षाच्या बाजूने प्रचारात उतरल्या आणि आणीबाणी लादणाऱ्या सख्ख्या भाचीविरुद्ध सभांमधून बोलल्या.