एकसष्ट मॉड आणि एक बाग

आमची द्राक्षबाग दोन ठिकाणी आहे. पहिली निफाड तालुक्यात, अण्णांच्या नावावर, सव्वादोन एकर. आणि दुसरी गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या लॅपटॉपवर, 'स्टारड्यू व्हॅली' नावाच्या गेममध्ये. पहिल्या बागेला अवकाळी पाऊस, गारपीट, डावणी-भुरीसारखे वेलीचे रोग आणि व्यापारी अशा नाना प्रकारच्या आपत्तींना तोंड द्यावे लागते. दुसऱ्या बागेला कावळे सोडले तर कोणाचीही भीती नाही, असे मी २३ मार्च २०२४ च्या रात्री साडेदहापर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

हा गेम एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून तयार केला आणि तो २६ फेब्रुवारी २०१६ रोजी बाजारात आला. त्यात द्राक्षाचा वेल शरद ऋतूत लावला की दहा दिवसांत फळावर येतो आणि त्यानंतर दर तीन दिवसांनी घड देत राहतो. हे मी एकदा अण्णांना कौतुकाने सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि "कोणतं टॉनिक मारतात?" एवढेच विचारले. ज्या माणसाने एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्यामध्ये स्वतःचे लग्न बसवले, त्याला ही शेती पटणे शक्यच नव्हते. "आणि छाटणी कधी करतात?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. छाटणी नसतेच, हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

आता मॉडविषयी. मूळ गेममध्ये हौशी मंडळी आपापल्या परीने ज्या सुधारणा करून फुकट वाटतात, त्यांना मॉड म्हणतात, आणि माझ्याकडे अशी एकसष्ट मॉड होती. एकाने पेटाऱ्यात जास्त माल मावत असे, एकाने गावातील कोणता मनुष्य या क्षणी कोठे आहे हे नकाशावर दिसत असे (ही सोय प्रत्यक्ष नाशकात प्लंबरच्या बाबतीत झाली तर मी पैसे मोजून घेईन), एकाने मांजराला टोपी घालता येत असे, आणि एका भल्यामोठ्या मॉडने डोंगराच्या पोटात एक आख्खे तळघर दिले होते, ज्यात मी द्राक्षवाइनची ८४ पिंपे लावली होती. "अहो, ज्या गेममध्ये एकसष्ट दुरुस्त्या कराव्या लागतात तो गेम तुम्हाला आवडतो, असं कसं म्हणता?" असे सौभाग्यवतींनी विचारले होते. लग्नालाही एकवीस वर्षे झाली आहेत, हे उत्तर मी मनातच ठेवले.

१९ मार्च २०२४ रोजी गेमची १.६ ही आवृत्ती आली. ही साधी डागडुजी नव्हती. गेमच्या पोटात प्रत्येक वस्तूला पूर्वी एक आकडा असे. नव्या आवृत्तीत आकड्यांच्या जागी अक्षरी ओळख आली आणि माहिती मांडण्याच्या कितीतरी पद्धती बदलल्या. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे एका वाक्यात समजेल: सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जमीन तीच, बांध तोच, विहीरही तीच. पण जुन्या नंबराचा कागद घेऊन तुम्ही गेलात की समोरचा मनुष्य तुमच्याकडे असा पाहतो, जणू तुम्ही ती जमीन स्वप्नात पाहिली असावी. माझी एकसष्ट मॉड हे एकसष्ट जुने कागद होते.

माझा भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याने त्याच रात्री फोन करून मला बजावले होते: "मामा, घाई करू नका. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि 'गेम सुरू करीन तेव्हाच अपडेट कर' हा पर्याय निवडा. मग सेव्हच्या फोल्डरची कॉपी काढून दुसरीकडे ठेवा. आधी स्मॅपी नवं घाला, मग ज्यांच्यावर बाकीची मॉड उभी असतात ती, आणि मग उरलेली. आणि खरं शेत सगळ्यात शेवटी उघडा." स्टीम म्हणजे जेथून गेम विकत घेतला आणि चालवला जातो ते संगणकावरचे दुकान, सेव्ह म्हणजे आपला खेळ कुठवर आला याची साठवलेली नोंद, आणि स्मॅपी म्हणजे मॉड आणि गेम यांची सोयरीक जमवणारा मध्यस्थ; त्याच्यावाचून मॉडचे पान हलत नाही. मी सर्व सूचना वहीत लिहून घेतल्या आणि पर्याय तेवढा निवडला. "गेम सुरू करीन तेव्हाच अपडेट कर" याचा अर्थ गेम सुरू केला की अपडेट होणारच असा असतो, हे माझ्या लक्षात शनिवारी रात्री गेमवर सवयीने टिचकी मारल्यानंतर आले. सेव्हची कॉपी काढायला गेलो, तर ज्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमध्ये ती असते तो विंडोजने लपवून ठेवलेला होता. जे चोराला सापडणार नाही आणि मालकालाही सापडणार नाही, ते सुरक्षितच आहे, असा विचार करून मी पुढे गेलो.

नवे स्मॅपी घालून गेम सुरू केला की आधी एक काळी खिडकी उघडते आणि तीत ओळी सरसर वर सरकू लागतात. राखाडी ओळी म्हणजे नुसती बडबड, पिवळ्या म्हणजे सावधान, आणि लाल म्हणजे बिघाड. पुराच्या दिवसांत नाशिककर गोदावरीचे पाणी रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पायाला लागले की दुकानदार माल आवरायला घेतात, कमरेला आले की पूल पाहायला गर्दी जमते. माझ्या काळ्या खिडकीत लाल पाणी बघता बघता मारुतीच्या गळ्यापर्यंत आले. एकसष्टपैकी चौतीस मॉड स्मॅपीने बाजूला काढून ठेवली होती आणि प्रत्येकासमोर कारणही नोंदवले होते: हे नव्या आवृत्तीत चालत नाही, याला ज्या दुसऱ्या मॉडचा आधार लागतो तेच नाही, याची नवी आवृत्ती अमुक ठिकाणी उपलब्ध आहे. इतक्या स्पष्ट शब्दांत आणि कारणांसह नकार मला आजवर कोणत्याही कचेरीत मिळालेला नाही. शहाण्या माणसाने त्या क्षणी खिडकी बंद केली असती. मी म्हटले, "नुसते शेत पाहून येतो."

शेत जागेवर होते. वेल होते, गाय होती, टोपी नसलेले मांजर होते. मी डोंगराकडे निघालो, वाट सापडेना, आणि तेवढ्यात गेममध्ये मध्यरात्र होत आल्यामुळे सवयीने घरी जाऊन झोपलो. या गेममध्ये दिवसभर काहीही केले तरी त्याची नोंद होत नाही. नोंद होते ती झोपल्यावर. म्हणजे मी न झोपता गेम बंद केला असता तर काहीच बिघडले नव्हते. पण ज्या मॉडने ते तळघर दिले होते तेच बाजूला काढलेले असल्यामुळे, गेम कोसळू नये म्हणून स्मॅपीने सेव्हमधील ती अनाथ जागा वगळली होती आणि मी त्या वगळण्यावर झोपून सही केली होती. सकाळी, म्हणजे गेममधील सकाळी, एका पेटाऱ्यात लाल वर्तुळ आणि त्यावर आडवी रेघ अशा खुणेची एक 'एरर आयटम' नावाची वस्तू पडलेली होती. ८४ पिंपे कोठेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी होळी होती. मी पुरणपोळी खाल्ली, पण चव सांगता येणार नाही.

त्यानंतरचा आठवडा मी रोज रात्री कचेरीतून आल्यावर मॉड अपडेट करण्यात घालवला, आणि या शास्त्रात मी जितक्या चुका केल्या तितक्या जागा त्यात मुळात आहेत, हेच नवल. आरंभी मी नवे मॉड जुन्याच फोल्डरवर चिकटवत गेलो. त्यामुळे नव्यात जी फाइल नाही ती जुन्यातील तशीच मागे राहिली आणि भाडे थकलेल्या भाडेकरूसारखी आतून त्रास देत बसली. जुना फोल्डर आधी काढून टाकायचा असतो, फक्त आपण बसवलेल्या सेटिंगची 'कॉन्फिग' फाइल जपून ठेवायची असते. हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो: काहीच काढून टाकायचे नाही, या निश्चयाने जुन्या फोल्डरला 'जुना – वापरू नये' असे स्वच्छ मराठीत नाव देऊन तेथेच ठेवले. स्मॅपी फोल्डरचे नाव पाहतच नाही. ते आत जाऊन 'मॅनिफेस्ट' नावाची फाइल उघडते आणि तीत लिहिलेली ओळख खरी मानते. त्याने मला कळवले की या मॉडच्या दोन प्रती आहेत, म्हणून दोन्ही बंद. फोल्डरच्या नावाआधी एक टिंब दिले की स्मॅपी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, हे मला चार दिवसांनी समजले. वापरू नये हे सांगायला एक टिंब पुरते. मी उगाच दोन शब्द खर्च केले होते.

गुरुवारपर्यंत लाल पाणी उतरले, पण गेम गावच्या चौकात शिरताच बंद पडू लागला आणि काळ्या खिडकीतल्या ओळींतून दोषी कोण हे मला उलगडेना. तेव्हा अर्धी मॉड काढून पाहायचे, बिघाड राहिला तर उरलेल्यांची पुन्हा अर्धी काढायची, असा उद्योग सुरू झाला. एकसष्टातून एक शोधायला सहा फेऱ्या पुरतात, असे गणित सांगते. मला अकरा लागल्या, कारण आधाराचे एखादे मॉड अर्ध्यांबरोबर बाहेर गेले की त्याच्यावर विसंबलेली आठ-दहा मॉड लग्नात मान न मिळालेल्या पाहुण्यांसारखी एकदम उठून जात. रात्री दीड वाजता गुन्हेगार सापडला. मांजराची टोपी.

शनिवारी ३० तारखेला रंगपंचमी होती. भाचा खास रहाडीसाठी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात उडी मारण्यासाठी, नाशकात आला होता आणि अण्णाही निफाडहून सकाळच्या गाडीने आले होते. मी त्यांना सगळी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "नवं औषध आलं म्हणून सगळ्या बागेवर मारतो का रे कोणी? दोन ओळींवर मारायचं, चार दिवस पान बघायचं, मग बाकीचं," ते म्हणाले. मी वही उघडून पाहिली. भाच्याचीही शेवटची सूचना, थोड्या वेगळ्या शब्दांत, हीच होती.

दुपारी भाचा रहाडीत धप्पा मारून आला तो नखशिखांत केशरी. मामीने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. त्याने दारातूनच विचारले, "मामा, गेमच्या फोल्डरमध्ये 'सेव्ह-बॅकअप्स' आहे का बघा." होते. स्मॅपीसोबत एक छोटे मॉड आपोआप येते आणि ते गेम सुरू करताना, त्या दिवसाची प्रत नसेल तर, सगळ्या सेव्हची एक झिप करून ठेवते. म्हणजे २३ तारखेची प्रत मी तळघरावर झोपण्याच्या आधीची होती.

"अशा फक्त दहा ठेवतं ते," भाचा म्हणाला. "अकरावी आली की सगळ्यात जुनी जाते. तुम्ही रोज गेम उघडलात ना?"

मी मोजले. २३ ते ३०, रोज एक, आठ प्रती. दुरुस्तीच्या नादात मी दररोज एक पाऊल त्या झिपला कड्याकडे ढकलत होतो, आणि आणखी तीन दिवस असाच कष्टाळूपणा दाखवला असता तर मंगळवारी ती पडली असती. मी माउसकडे हात नेला. "थांबा, थांबा! आधी ती झिप डेस्कटॉपवर कॉपी करा. मूव्ह नाही, कॉपी!" तो दारातून ओरडला, आणि पुढे झेपावण्याच्या भरात त्याने चौकटीवर हात टेकला. ती पाच केशरी बोटे अजून तेथे आहेत.

झिप उघडून जुने सेव्ह जागेवर ठेवले. तोपर्यंत तळघराच्या मॉडची १.६ साठीची आवृत्ती घालून झाली होती. आधी एक नवे, कोणाचेच नसलेले शेत सुरू करून दोन दिवस चालवले, काळ्या खिडकीत लाल काही येत नाही हे पाहिले, आणि मग खरे शेत उघडले. डोंगराकडे वाट होती. तळघर होते. मी पिंपे दोनदा मोजली, ८४ भरली.

"या, अण्णा, बघा बाग," मी म्हणालो. अण्णा खुर्ची ओढून बसले. पडद्यावर शरदातल्या संध्याकाळी वेलींच्या ओळी घडांनी लगडल्या होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग पडद्यावर बोट टेकवले.

"दोन ओळींत नऊ फूट पाहिजे. हे तू गच्च लावून ठेवलंय. आत कुठून जातो?"

या गेममध्ये मांडवावरच्या वेलीतून आरपार चालता येत नाही. मधल्या तीन ओळींपर्यंत मी दोन वर्षांत पोहोचलेलोच नव्हतो.