सेन्सॉर म्हणू नका, 'सेटिंगमध्ये गेलं' म्हणा

स्मरणिकेचं, दिवाळी अंकाचं किंवा तालमीच्या गणेशोत्सव अंकाचं संपादन तुमच्या गळ्यात पडलंय? अभिनंदन. आता कुणाचा ना कुणाचा मजकूर उडवावा लागणार. उडवायला अक्कल लागत नाही, उडवल्यावर त्याला काय म्हणायचं ते मात्र शिकून घ्या.

परवा हाती आलेल्या एका स्मरणिकेत आमचा पंचगंगेवरचा लेख आहे. नदीत सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचा परिच्छेद गायब, सांडपाण्याची जबाबदारी कुणाची ते वाक्य गायब आणि शेवटी, आम्ही न लिहिलेलं, 'नदी ही आपली माता आहे.' विचारलं तर उत्तर आलं, "सर, ते सेटिंगमध्ये गेलं." म्हणजे म्हणे पानं लावताना उडालं. इषय हार्ड!

तर पहिली गोष्ट, 'सेन्सॉर' हा शब्द तोंडातून काढू नका. त्या शब्दामागे माणूस असतो. रोममधला सेन्सॉर शिरगणती करायचा, लोकांच्या चालचलणुकीवर नजर ठेवायचा, पण तो कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. तुम्ही 'संपादकीय संस्कार' म्हणा. 'भावनांचा आदर' म्हणा. सगळ्यात चांगलं म्हणजे 'जागेअभावी'.

फक्त 'जागेअभावी' वापरताना जरा जपून. जागा खरंच कमी पडली की आधी पुनरुक्ती जाते, मग जादा दाखले, मग शेवटच्या ओळी. मधल्याच तीन ओळी, त्याही नेमक्या नावं असलेल्या, गेल्या की पुढचं वाक्य 'त्यामुळे'नं सुरू होतं आणि कशामुळे ते कळत नाही. असा लोंबकळणारा 'त्यामुळे' दिसला की जाणकाराला कात्रीची जागा सापडते. तेवढा पुसून घ्या.

शिवी झाकायची तर पहिलं अक्षर ठेवून पुढं फुल्या मारा, म्हणजे शाळेतली पोरंसुद्धा थांबून वाचतील.

व्हिडिओत हजार हर्ट्झचा बीप टाका, पण शब्द सुरू झाल्यावर. 'रां' ऐकू आलं की कोल्हापुरात पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

पीडीएफमधली नावं लपवायला वर नुसती काळी पट्टी ओढा. खालचा मजकूर जागेवरच राहतो, कॉपी करून दुसरीकडं चिकटवला की सगळं स्वच्छ वाचता येतं.

आणि तुम्ही लेखक असाल तर? सहाशे शब्द मागितले असताना बाराशे पाठवा आणि निम्मे कापले की 'मुस्कटदाबी!' म्हणून बोंब मारा. व्याकरण सुधारलं तरी सेन्सॉर, कविता परत आली तरी सेन्सॉर, मेव्हण्यानं ग्रुपमधून काढलं तरी सेन्सॉर! अहो, काही धरबंध? छापण्याआधी, दाखवण्याआधी, ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानं आशय नको म्हणून अडवलं तर ते सेन्सॉर. सगळंच अडवलं तर बंदी. छापून झाल्यावर प्रती उचलून नेल्या तर जप्ती. 1882 साली टिळक-आगरकर कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेल्या मजकुरापायी, डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, ती अब्रुनुकसानीची शिक्षा. मजकूर आधीच छापून आला होता, म्हणून ते सेन्सॉर नव्हे. सेन्सॉर बघायचा तर 1930चा बघा. प्रभात ही चित्रपट कंपनी तेव्हा कोल्हापुरातच होती. शिवाजी महाराजांवरच्या त्यांच्या मूकपटाचं नाव होतं 'स्वराज्य तोरण'. इंग्रजी अमदानीत 'स्वराज्य' हा शब्दच खटकला आणि चित्रपट 'उदयकाल' म्हणून लागला. एका शब्दाची भीती बसली, ती बसली! आणि नाव बदलून काम तेच ठेवायची युक्ती सरकारलाही जमते बरं का. 1983 साली चित्रपटांच्या मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं, कात्री होती तिथंच राहिली. तरी तिथं निदान कोणता तुकडा कापायचा ते लेखी मिळतं, निर्मात्याला दाद मागता येते.

तुमच्याकडं काय मिळतं? सेटिंग!

माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 10 वाचा एकदा. कागदातला काही भाग वगळून द्यायचा तर कारण कळवावं लागतं, निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि हुद्दा कळवावा लागतो, दाद कुठं मागायची तेही. तालुक्याच्या कचेरीतल्या माणसावर जे बंधन आहे, ते तुमच्या पाच जणांच्या समितीला जड जातं? प्रूफ पाठवायला काय खर्च येतो? एक व्हॉट्सॲप! कापायच्या ओळींवर खूण करा, "अमक्या सभासदाला राग येईल म्हणून कापतोय" असं सरळ लिहा आणि खाली सही करा. लेखक नाही म्हणाला तर लेख परत करा. त्याच्या नावाखाली तुमची वाक्यं छापायला तुम्हाला सांगितलंय कुणी? आणि जागाच हवी असेल तर कार्यकारिणीच्या फोटोंची चार पानं आहेत, ती दोनवर आणा.