बार, बाईक आणि माथेरान

गेल्या महिन्यात आईला घेऊन माथेरानला जाऊन आलो. निघायच्या आधी ग्रुपवर टाकलं की यावेळी बार हाऊस बघणार, तर एकाचा लगेच मेसेज, "मग मलाही ने की रे". आता काय बोलायचं! अरे बाबा, बार म्हणजे कॅप्टन बार नावाचा साहेब, त्याने १८५२ मध्ये बांधलेला बंगला, आज तिथे हॉटेल चालतं, व्हरांडा इन द फॉरेस्ट नावाचं. आणि अजून गंमत ऐका, ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने चढून वर आला, जागा आवडली म्हणून घर बांधलं, तर त्या घराचं नाव द बाईक. त्या नावाचंही हॉटेल आहे अजून. म्हणजे जिथे साधी स्कूटी नेता येत नाही तिथे दीडशे वर्षांपासून बाईक उभी आहे 😄

असो. बार हाऊसच्या त्या लांबलचक व्हरांड्यात आरामखुर्चीत टेकलो, चहा आला, माकडाने पहिल्या पाच मिनिटांत बिस्किटाचा पुडा उचलला, आणि मी आपला बसल्या बसल्या सनावळ्या जुळवत होतो. बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे हा बंगला बांधला त्या साली आपल्याकडे प्रवासी रेल्वेच नव्हती. मुंबईचे व्यापारी आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांच्या मुलाने नेरळहून मिनी ट्रेन वर आणली ती १९०७ ला. मधली पंचावन्न वर्षं तुळया, पलंग, आरसे, साहेबाचं क्रोकरीचं खोकं, सगळं माणसाच्या डोक्यावरून नाहीतर जनावराच्या पाठीवरून वर आलंय. पण साहेबाचं नाव राहिलं, डोक्यावर घेऊन येणाऱ्याचं नाव कोण लिहितो.

आता माझं मत, पटलं तर घ्या. लोक म्हणतात बघा किती छान जपलंय, हेरिटेज वगैरे. मालकांनी जपलं असेल, नाही म्हणत नाही, पण माझ्या मते ही घरं वाचली ती वर ट्रक जात नाही म्हणून. आमच्या गावात वाडा पाडायचा ठरलं की सकाळी जेसीबी, दुपारी डंपर, दोन दिवसांत सपाट मैदान आणि वर्षभरात सात मजले. माथेरानला पाडायला निघालात तर राडारोडा खाली न्यायलासुद्धा घोडाच लागणार, आणि नवीन सिमेंटची गोणीही तशीच वर येणार, मग कोण पाडतोय? २००३ ला केंद्राने माथेरान इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा भाग, म्हणून जाहीर केलं तो कागदावरचा पहारा झाला, पण गावाबाहेर दस्तुरी नाक्याला गाडी थांबते, पुढे येत नाही, हा खरा पहारा. आमच्यासमोरून एक घोडा गेला, दोन्ही बाजूंना गॅसचे सिलिंडर बांधलेले, लाल मातीत खूर रुततायत, त्यातल्याच कुठल्यातरी सिलिंडरवर आमचा चहा झाला असणार.

म्हणून रस्ता वरपर्यंत नेऊ नका असं मी मोठ्या तोंडाने सामानवाल्या मावशींना सांगायला गेलो. त्यांनी डोक्यावरची आमची बॅग जरा सारखी केली आणि म्हणाल्या, "तुमचं काय दादा, तुम्ही उद्या खाली जाल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी एक सांगतो, ई-रिक्षा हव्यात, माझा पूर्ण पाठिंबा. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा बंद करा असं सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं ते बरंच झालं, ती ओढाओढ मला कधीच बघवली नाही. ई-रिक्षातून माणूस येतो, डंपर येत नाही, एवढा फरक मला पुरतो. येताना आईच्या गुडघ्यांमुळे आम्हीही ई-रिक्षानेच दस्तुरीला आलो. मावशी बॅग घेऊन मागून चालत येत होत्या, आणि पार्किंगला मी त्यांची वाट बघत उभा.